आधी ओहोटी, मग ठिकाण

[दृश्य: रुंद पुळण. पाणी लांबवर. ओल्या वाळूत मुलांचे पाय.]

शनिवार, सकाळचे दहा. पाणी पार लांब गेलंय आणि मधे क्रिकेटचं मैदान मावेल एवढी ओली, घट्ट वाळू उघडी पडली आहे. मुलं पळताहेत, कोणी किल्ला करतंय, आजी चप्पल हातात घेऊन चालते आहे.

[दृश्य: तीच जागा, पाणी पायऱ्यांना लागलेलं.]

जागा तीच, पुढचा शनिवार, घड्याळात तेच दहा. वाळू गायब. पाणी थेट पायऱ्यांवर आपटतंय. बादल्या-फावडी डिक्कीतच आहेत, मुलं कंटाळली आहेत आणि मोठी माणसं मोबाइलवर दुसरं ठिकाण शोधत बसली आहेत.

समुद्राकाठच्या शहरातली एक दिवसाची सहल बहुतेक वेळा अशी फसते. आधी ठिकाण ठरतं, मग सगळ्यांच्या सोयीने निघायची वेळ ठरते, आणि समुद्राची वेळ कोणी विचारतच नाही. हा क्रम उलटा करायला हवा.

[दृश्य: भरतीचा तक्ता, जवळून.]

दोन भरत्यांमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटं जातात. पूर्ण भरतीपासून पूर्ण ओहोटीपर्यंत सव्वासहा तास. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करते तोवर चंद्र थोडा पुढे सरकलेला असतो. त्याला गाठायला तिला रोज आणखी पन्नासेक मिनिटं फिरावं लागतं, म्हणून भरतीही रोज तेवढी उशिरा येते. सात दिवसांत हा उशीर जवळजवळ सहा तासांचा होतो. गेल्या शनिवारी ज्या वेळी ओहोटी होती, त्याच वेळी या शनिवारी भरती. पंधरा दिवसांनी गाडी पुन्हा रुळावर येते.

दिवसातून दोनदा भरती येणाऱ्या किनाऱ्यांचा हा हिशेब. मेक्सिकोच्या आखातात बऱ्याच ठिकाणी दिवसाला एकच भरती येते. भूमध्य समुद्रात बहुतेक जागी पाणी जेमतेम फूटभर हलतं, तर कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात ते 16 मीटरपर्यंत चढतं. तेव्हा तक्ता आपल्याच बंदराचा हवा आणि तारीख दोनदा तपासलेली हवी. कालचा तक्ता पाहून निघालेली मंडळी पन्नास मिनिटं आधीच चुकलेली असतात.

तक्त्यात दिवसाचे बहुधा चार आकडे असतात, दोन भरत्या आणि दोन ओहोट्या. प्रत्येकापुढे वेळ आणि उंची. ‘0.4 मीटर’ वाचून पाणी गुडघ्याखाली असेल असं धरू नका. ही उंची नकाशावर ठरवलेल्या शून्यापासून मोजलेली असते, तुमच्या पायापासून नाही. आपल्या कामाचा आहे तो भरती आणि ओहोटीच्या आकड्यांमधला फरक. फरक मोठा असेल, तर पाणी लांब जाईल आणि परत येतानाही वेगाने येईल. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवस हा फरक सर्वांत मोठा असतो, ते उधाण. अष्टमीच्या पुढेमागे तो सर्वांत लहान, तो भांग. शंख-खेकडे पाहायचे असतील तर उधाणाचे दिवस धरा. लहान मुलांना पाण्याच्या कडेला निवांत खेळवायचं असेल तर भांगाचे.

एक सोपी युक्ती आहे. पौर्णिमेला आपल्याकडे पूर्ण भरती किती वाजता असते, ते एकदा टिपून ठेवा. पुढच्या प्रत्येक तिथीला त्यात पाऊण तास मिळवत जा. पंचमीला पावणेचार तास, दशमीला साडेसात. एवढा अंदाज कोणता शनिवार धरायचा ते ठरवायला पुरतो. पाण्यातून परत कधी फिरायचं, ते मात्र तक्ता बघूनच ठरवायचं. आणि छापील तक्त्यातही वारा-पाऊस धरलेला नसतो. हवेचा दाब एक मिलिबारने उतरला तर पाणी साधारण एक सेंटिमीटरने चढतं. त्यात समुद्रावरून जोराचा वारा असेल, तर ते आणखी वर येतं.

[दृश्य: एकाच जागेवरून टिपलेलं, चढत जाणारं पाणी. कोपऱ्यात घड्याळ.]

आता सगळ्यांत जास्त गफलत होते ती जागा. सहा तासांत पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही. नाविकांचा जुना हिशेब असा, की एकूण चढाचे बारा भाग करायचे. पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक.

समजा, भरती-ओहोटीतला फरक 3.6 मीटर आहे. पहिल्या तासात पाणी 30 सेंटिमीटर चढेल. कोणाच्या लक्षातही येणार नाही. तिसऱ्या तासात 90 सेंटिमीटर. आता वाळूचा उतार बघा. साठ मीटर चालल्यावर एक मीटर खाली, असा मंद उतार असेल, तर पहिल्या तासात पाण्याची कड 18 मीटर आत येते आणि तिसऱ्या तासात 54 मीटर, म्हणजे मिनिटाला जवळजवळ एक मीटर. पाण्यापासून ‘चांगली लांब’ पसरलेली चटई, तिच्यावरचे डबे आणि चपला जेवण चालू असतानाच भिजतात, ते यामुळे.

चटई भिजली तर फार बिघडत नाही. वाळूच्या दांड्यावर गेलेल्यांची अडचण मोठी. दांडा मधे उंच असतो आणि त्याच्या मागे, किनाऱ्याच्या बाजूला खोलगट पट्टा असतो. जाताना तो पट्टा घोट्याएवढ्या पाण्यातून ओलांडलेला असतो. भरती लागली की पाणी आधी तो पट्टा भरतं. तुमच्या समोर वाळू कोरडीच असते आणि मागचा रस्ता कमरेएवढा खोल झालेला असतो. म्हणून दांड्यावर, ओहोटीत उघड्या पडणाऱ्या बेटावर किंवा खडपात, म्हणजे किनाऱ्याच्या कातळात जायचं, तर पूर्ण ओहोटीच्या दीड तास आधी पोचा आणि पूर्ण ओहोटीची वेळ होताच परत फिरा. पूर्ण ओहोटीच्या वेळेला तिथे पोचलात, तर उशीर झालाय.

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर लिंडिसफार्न नावाचं बेट आहे. तिथे जाणारा डांबरी रस्ता दिवसातून दोनदा पाण्याखाली जातो. वेळा फलकावर लिहिलेल्या असतात, तरी गाड्या अडकतात. अडकलेल्यांना चढून बसता यावं म्हणून रस्त्याकडेला खांबांवर एक खोलीच उभारून ठेवली आहे.

[दृश्य: खडपातलं डबकं. शेवाळ, शिंपले, दगडाखाली सरकणारा खेकडा.]

खडपात चालताना हिरवं टाळा. हिरव्या शेवाळावर रबरी तळही घसरतो, तर खरखरीत शिंपल्यांच्या कातळावर पाय चांगला धरतो. पण तिथे अनवाणी पाय चिरतो, म्हणून मागे पट्टा असलेली सँडल किंवा जुने बूट घाला. अंगठ्याची चप्पल इथे निरुपयोगी. आधी समुद्राकडे तोंड करून दहा-पंधरा मिनिटं नुसतं उभं राहा. लाटा सारख्या आकाराच्या येत नाहीत. बऱ्याच लहान लाटांमागून दोन-तीन मोठ्या येतात. शेवटची मोठी लाट कुठवर आली होती, ते ओल्या काळ्या कातळावरून कळतं. ती ओल संपते त्याच्या बरंच वर मुलांना बसवा. डबक्यातला दगड उचलला, तर हळूच आणि त्याच बाजूने परत ठेवा. त्याच्या पोटाशी चिकटलेले जीव उलटे पडून उन्हात मरतात.

[दृश्य: होडी, नंतर फडफडणारी छत्री.]

दुसरं बघायचं ते वारा. खारे वारे आणि मतलई वारे शाळेत सगळ्यांनीच पाठ केलेत, सहलीच्या वेळी मात्र ते कोणाला आठवत नाहीत. सकाळी जमीन गार असते, वारा पडलेला किंवा जमिनीकडून समुद्राकडे. जमीन तापली की दहा-अकराच्या सुमाराला समुद्रावरून खारा वारा सुरू होतो आणि दुपारी दोन ते चारमध्ये त्याचा जोर असतो. होडीची फेरी सकाळी घ्यावी, ती यासाठी. तीच खाडी दुपारी उचंबळलेली असते आणि पोटात ढवळणाऱ्यांची रांग लागते. अशांना होडीच्या मध्यावर, क्षितिजाकडे बघत बसवा. गोळी द्यायची असेल तर निघण्याआधी तासभर. पूर्ण ओहोटीला होडी कित्येक धक्क्यांना लागूच शकत नाही, हेही विचारून ठेवा.

लाइफ जॅकेट वजनावरून निवडतात. मुलाला ते घालून सगळे पट्टे आवळा आणि खांद्यांपाशी धरून वर उचला. जॅकेट कानांपर्यंत सरकलं, तर पाण्यात ते मुलाच्या डोक्यावरून निघून जाईल. लहानग्यांच्या जॅकेटला मांड्यांमधून जाणारा पट्टा हवाच.

शांत सकाळी आणखी एक धोका असतो. समुद्र तळ्यासारखा दिसतो, मुलं हवेच्या गादीवर बसतात आणि मतलई वारा त्यांना अलगद आत नेतो. किनाऱ्याशी तो जाणवतही नाही. फुगवलेली खेळणी घरच्या टबात ठीक आहेत, समुद्रात नकोत. नारिंगी रंगाची वाऱ्याची पिशवी फडकत असेल, तर तिचा अर्थ हाच.

झेंडे मुलांनाही शिकवून ठेवा. लाल-पिवळा जिथे असेल, त्या दोन झेंड्यांच्या मधेच उतरायचं. नुसता पिवळा म्हणजे जपून. लाल म्हणजे उतरू नका. दोन लाल म्हणजे पाणी सर्वांसाठी बंद. जांभळा म्हणजे जेलीफिश वगैरे आहेत. वाळूवर मरून पडलेली जेलीफिशही डसते. डसलेल्या जागी वाळू चोळू नका, गोडं पाणी ओतू नका. समुद्राच्याच पाण्याने धुवा.

[दृश्य: उंचावरून फुटणाऱ्या लाटा. मधे एक गडद, शांत पट्टा.]

या चित्रात पोहायला सुरक्षित जागा कोणती वाटते? बहुतेकजण मधल्या शांत पट्ट्याकडे बोट दाखवतात. तिथे लाटा फुटत नाहीत, कारण किनाऱ्यावर आलेलं पाणी त्याच वाटेने परत समुद्रात जातं आहे. या ओढीचा वेग सेकंदाला दोन मीटरच्या वरही जाऊ शकतो. ती माणसाला खाली खेचत नाही, आत नेते. माणूस थकतो तो तिच्याविरुद्ध सरळ किनाऱ्याकडे पोहून. तरंगत राहायचं, हात वर करून मदत मागायची, आणि दम असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर पडायचं. खाडीच्या मुखाशी तर ओहोटीत पोहायचंच नाही.

बुडणारं मूल ओरडत नाही. श्वास घ्यायलाच तोंड पाण्याबाहेर पुरत नाही, तर हाक कुठून मारणार? म्हणून ‘सगळ्यांचं लक्ष आहे’ याचा अर्थ कोणाचंच नाही असा होतो. एकाच मोठ्या माणसाकडे पंधरा मिनिटांची पाळी द्या, त्या वेळात त्याच्या हातात फोन नको. पाच वर्षांखालच्या मुलापासून हातभर अंतरावरच राहायचं. पोहण्याचे कपडे नारिंगी किंवा भडक गुलाबी घ्या. निळा रंग पाण्याखाली दिसेनासा होतो. घरून निघताना मुलांचा त्या दिवशीच्या कपड्यांतला फोटो काढून ठेवा. मूल दिसेनासं झालं, तर शोध पाण्यापासून सुरू करायचा.

वाळूतला खड्डा सर्वांत लहान मुलाच्या गुडघ्यापेक्षा खोल नको. कडा कोसळल्या की वाळू क्षणात भरते आणि हातांनी उपसली तितकीच पुन्हा आत येते. मोठा पाऊस पडून गेल्यावर दोन-तीन दिवस नाल्यांच्या तोंडाजवळच्या पाण्यात उतरू नका. शहराची सगळी घाण तिथे आलेली असते.

ऊन सावलीवरून मोजा. तुमची सावली तुमच्यापेक्षा आखूड झाली की ऊन कडक. छत्रीखालीही ते पोचतं, कारण कोरडी वाळू साधारण 15 टक्के अतिनील किरण परतवते आणि समुद्राचा फेस 25 टक्के. सनस्क्रीन निघण्याआधी घरीच लावा. मोठ्या माणसाच्या सबंध अंगाला 30 मिलिलिटर लागतं. बहुतेकजण त्याच्या निम्मंही लावत नाहीत. दर दोन तासांनी, आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा. सहा महिन्यांखालच्या बाळाला सावलीतच ठेवायचं. छत्रीचा दांडा दीड-दोन फूट खोल रोवा आणि वारा जिकडून येतो त्या बाजूला छत्री कलती करा. उलटी कलवली, तर वारा तिला पोटातून उचलतो.

सामानाचं फार सांगण्यासारखं नाही. माणशी दोन-तीन लिटर पिण्याचं पाणी, शिवाय पाय धुवायला पाच लिटरचा कॅन. पायाची वाळू ओली असताना पुसू नका, चामडी सोलवटते. ती सुकू द्या, मग झटका.

[दृश्य: वहीचं पान, पेन्सिलीने लिहिलेल्या वेळा.]

आता एक दिवस मांडून बघू. ओहोटी सकाळी 10:40. किनाऱ्यावर 8:45. खडपात सव्वानऊ ते दहा-चाळीस. मग साडेअकरापर्यंत घट्ट वाळूत खेळ. ऊन चढलं की झाडाच्या सावलीत डबा, आणि दीडच्या आत घर. ओहोटी दुपारी चारची असेल, तर सकाळ घरीच काढा, अडीचला पोचा, चारला खडपातून बाहेर. सूर्यास्ताला मात्र सगळं शहर एकदमच परत फिरतं. त्याआधी तासभर निघा, नाहीतर अंधार पडल्यावर तासभर थांबा.

अडचणीचा शनिवार म्हणजे ओहोटी दुपारी एकची. त्या दिवशी पुळणीचा नाद सोडा. भरती सकाळी सातला असते, तेव्हा खाडीतली होडीची फेरी करा किंवा दीपगृह बघून या.

आणि 10:40 चा शनिवार छान गेला असेल, तर त्यानंतरचा सोडून पुढचा धरा. त्या दिवशी ओहोटी दहाच्या सुमारास असेल. अर्धा-पाऊण तास लवकर निघावं लागेल.