तिथीची पाऊणपट

नमस्कार श्रोतेहो.

कॉलेजात असताना एकदा सकाळी आठच्या सुमारास आमची लाँच खाडीत रुतली. काठ हाकेच्या अंतरावर, पाणी मात्र गुडघाभर आणि त्याखाली मांडीभर चिखल. कुणीतरी ओरडलं, "अहो तांडेल, रिव्हर्स मारा ना!" लाँच चालवणाऱ्या तांडेलानं मशीन बंद केलं आणि शांतपणे विडी पेटवली. मशीन गार ठेवायला पाणी खालूनच ओढलं जातं, त्यातून चिखल आत गेला की मशीन बसलंच, हे तो कशाला समजावत बसेल? माझ्या शेजारी मासळीची पाटी घेऊन एक म्हातारी बसली होती. ती म्हणाली, "आज संकष्टी. चार पाऊण तीन. तीनला भरती, म्हंजी नऊला सुकती. दहाला सुटू." दहा वाजून पाच मिनिटांनी लाँच हलली.

तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन. आमच्या किनाऱ्यावरचं हे गणित शाळेत कुणी शिकवत नाही, पण पाऊणकी पाठ असलेल्या माणसाला ते बोटांवर करता येतं. त्यात आणखी एक खोच आहे. पुनवेच्या किंवा अवसेच्या उधाणात, ऐन भरतीला होडी वाळूवर चढली, तर तेवढं पाणी परत यायला पंधरवडा लागू शकतो. अष्टमीच्या भांगात, म्हणजे भरती कमी चढते त्या दिवसांत, रुतलेली मात्र दोन-तीन दिवसांत सुटते, कारण भरती रोज वाढत जाते. म्हणून जुनी माणसं म्हणायची, रुतायचंच तर भांगात रुतावं.

आता मोठ्या जहाजांकडे येऊ. नकाशात खोली बारा मीटर, जहाजाचं बूड पाण्यात दहा मीटर, म्हणजे दोन मीटर मोकळे, असं आपण धरतो. पण जहाज चालू लागलं की हिशेब बदलतो. त्यानं समोरून सारलेल्या पाण्याला मागे जायला वाट हवी. उथळ जागी बूड आणि तळ यांच्यात फट अरुंद, म्हणून पाणी तिथून जोरात पळतं, त्याचा दाब उतरतो आणि अख्खं जहाज खाली बसतं. त्याला इंग्रजीत स्क्वॅट म्हणतात. आपण बैठक म्हणू या. वेग दुप्पट केला तर ही बैठक जवळजवळ चौपट होते. आणि गंमत अशी, की आत बसलेल्याला ती जाणवतही नाही.

७ ऑगस्ट १९९२ ला 'क्वीन एलिझाबेथ २' हे प्रसिद्ध प्रवासी जहाज अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळ असंच खडकावर घासलं. नकाशावर तिथे ३९ फूट पाणी होतं, जहाज ३२ फुटांच्या आसपास पाण्यात होतं आणि वेग ताशी पंचवीस सागरी मैलांच्या घरात. नकाशाची ती मोजणी १९३९ सालची, आणि तो खडक तिच्यातून निसटलेला. त्यात बैठकीचा अंदाजही कमी धरला गेला. कुणाला इजा झाली नाही, पण तळाचा पत्रा फाटला. मला विचाराल तर खडकापेक्षा वेगच जास्त दोषी. तेच जहाज सावकाश गेलं असतं, तर कदाचित खडकावरून तरंगत गेलं असतं आणि कुणाला पत्ताही लागला नसता.

लहान होड्यांची गोष्ट वेगळी. त्यांना तळापेक्षा लाटेची भीती जास्त. खाडीच्या तोंडाशी वाळू साचून आडवा बांध तयार होतो. समुद्रात नुसती डुलणारी लाट तिथे आली, की तिचे पाय तळाला लागतात, ती उभी राहते आणि कोसळते. समोरून ओहोटीचं पाणी जोरात बाहेर येत असेल, तर आणखीच उभी. मागून आलेली लाट होडीचं मागचं टोक उचलते, नाळ, म्हणजे पुढचं टोक, वाळूत घुसते, होडी आडवी फिरते, आणि पुढच्या लाटेला ती पालथी. पावसाळी बंदी उठल्यावर ऑगस्टात हे जास्त घडतं. शहाणा तांडेल अशा वेळी बांधाच्या बाहेर थांबतो, लाटा मोजतो, भरती चढू देतो. माल बर्फात असतो, घर समोर दिसत असतं, बाजारभाव उतरत असतो. थांबणं किती जड जातं, ते त्यालाच विचारा.

आणि वाळू एकदा धरली की सोडत नाही. गोव्यात कांदोळीला जून २००० मध्ये किनाऱ्यावर चढलेलं 'रिव्हर प्रिन्सेस' हे जहाज काढायला दहा वर्षांहून जास्त काळ गेला. वर्षागणिक वाळू भरत गेली आणि शेवटी ते जागेवरच तुकडे करून काढावं लागलं.

उथळ पाणी सगळ्यांनाच वैरी नसतं, बरं का. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी मुंबईच्या तोंडासमोर खांदेरीवर किल्ला बांधायला घेतला, तेव्हा इंग्रजांनी बेटाला वेढा दिला. ऑक्टोबरात झुंज झाली. तोफांच्या माऱ्यात इंग्रजांचं 'रिव्हेंज' जहाज भारी होतं, म्हणून मराठ्यांची हलकी गलबतं नागोठण्याच्या खाडीकडे वळली. 'रिव्हेंज' पाठलाग करत आलं, पाणी उथळ होऊ लागलं तिथवर आलं, आणि मागे फिरलं.