पुढच्या जूनचा हिशेब
(सांगलीत व्यापारी आणि नागरिकांसमोर केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, मी चिपळूणचा. व्यवसायाने कर सल्लागार. सांगलीत येऊन पुरावर बोलायचं म्हणजे पंढरपुरात विठोबाची ओळख करून देण्यासारखं आहे, तेव्हा पूर कसा असतो ते मी सांगणार नाही. फक्त एक फरक सांगतो. तुम्ही कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखाली पाण्याचे फूट मोजता. 40 झाले, 45 झाले, असं करत 2019 ला आकडा 57 च्या वर गेला. कृष्णा हळू चढते, माल हलवायला थोडी तरी सवड देते. आमच्याकडे 22 जुलै 2021 ला पहाटे वाशिष्ठी आणि शिव या दोन्ही नद्या बाजारपेठेत शिरल्या. वरून पाऊस, खालून खाडीची भरती. उजाडलं तेव्हा तळमजल्यावरचं काही उरलं नव्हतं.

पहिल्या महिन्याबद्दल मी फार बोलत नाही. तेव्हा अख्खा महाराष्ट्र धावून येतो. टँकर येतात, झाडू-फावडी घेऊन कुठकुठली पोरं येतात, जुन्या कपड्यांचे तर इतके ढीग येतात की ते कुठे टाकायचे हाच प्रश्न होतो. माणूस चिखल काढण्यात इतका गुंतलेला असतो की रडायलाही वेळ नसतो. कठीण काळ नंतर सुरू होतो, गाड्या परत गेल्यावर.

पंचनाम्याच्या वेळी मी एका कापड दुकानदाराजवळ बसलो होतो. तो घडाघडा सांगत होता, साड्या इतक्या, ब्लाउजपीस इतके, फर्निचर, काउंटर. एका पैठणीपाशी अडकला. म्हणाला, "ही विकायला नव्हती हो. लग्नाची ऑर्डर होती, ॲडव्हान्स घेतलाय." मग बराच वेळ गप्प. साडी गेली त्याचं नुकसान कागदावर लिहिता आलं. त्या घरच्यांना तोंड कसं दाखवायचं, ते कुठल्या रकान्यात लिहिणार? पण मी त्याला तेही वहीत लिहायला लावलं. कुणाचं देणं आहे, कुणाला शब्द दिलाय, सगळं. संध्याकाळी त्यानेच त्यांना फोन केला. क्लेमसाठी यादी करायचीच असते; माझा अनुभव असा की ती नीट, सावकाश, घरातल्या कुणाला शेजारी बसवून केली तर मनावरचं ओझंही थोडं उतरतं. घाईघाईत अंदाजे आकडा टाकणारे पुढे वर्षभर "अजून हे राहिलं" म्हणत कुढत बसतात.

आता पैशाचं. त्या वर्षी सरकारने घरटी 10 हजार, टपरीवाल्याला 10 हजार आणि दुकानदाराला जास्तीत जास्त 50 हजार दिले. याला मदत म्हणा, भरपाई म्हणू नका. खरा आधार विम्याचा, आणि तिथेच बहुतेकांचं घोडं पेंड खातं. समजा दुकानात 20 लाखांचा माल आहे आणि हप्ता वाचवायला तुम्ही विमा 10 लाखांचाच काढलाय. पुरात 8 लाखांचा माल गेला. तुम्हाला वाटतं, 8 लाख 10 च्या आत आहेत, पूर्ण मिळतील. मिळतात 4. विमा निम्म्याचा, म्हणून भरपाई निम्मी. दुसरं, कॅश क्रेडिटसाठी, म्हणजे माल तारण ठेवून घेतलेल्या कर्जासाठी, बँक विमा उतरवते तेव्हा त्यावर दुकानाचा पत्ता असतो. मागच्या गल्लीतल्या गोदामाचा असतो का? आज घरी जाऊन बघा. तिसरं तर कुणालाच ठाऊक नसतं. जीएसटी कायद्याच्या कलम 17(5) प्रमाणे नष्ट झालेल्या मालावर घेतलेलं क्रेडिट, म्हणजे खरेदीत भरलेल्या कराची वजावट, परत करावं लागतं. म्हणजे माल गेला आणि वर त्याचा करही भरा. हे मला आजही पटत नाही, पण कायदा आहे तो आहे. क्लेमचा हिशेब मांडताना ही रक्कम विसरू नका.

बँकेने हप्ते पुढे ढकलून दिले तर जरूर घ्या, मात्र व्याज त्या काळातही चढत असतं. नव्या मालासाठी सोनं गहाण टाकण्याआधी चार दिवस थांबा. पुरानंतरच्या पहिल्या दिवाळीत पैज मारल्यासारखं दुकान भरणारे मी पाहिलेत. गिऱ्हाईकाचंच घर वाहून गेलेलं असताना खरेदीला येणार कोण?

आणि मग येतो पुढचा जून. आमच्याकडे 2022 च्या पावसाळ्यात जरा जोराची सर आली की लोक माल पोटमाळ्यावर चढवायचे. रात्री दोनला उठून नदी बघून यायचे. आपल्याकडे पुरुष माणूस "भीती वाटते" म्हणत नाही. पित्त वाढलंय म्हणतो, झोप लागत नाही म्हणतो, बायकोवर खेकसतो. घरातल्यांनी हे ओळखायला हवं. 14416 हा टेलि-मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासावर फोनवरून मदत करणाऱ्या सेवेचा, सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. लाजू नका.

पण खरं सांगू? चिपळूणकरांना समुपदेशनापेक्षा जास्त बरं वाटलं ते उपोषणाने. डिसेंबर 2021 मध्ये चिपळूण बचाव समितीने साखळी उपोषण केलं. मागणी साधी होती, वाशिष्ठीतला गाळ काढा, आणि शहराच्या डोक्यावर ठेवलेल्या लाल-निळ्या पूररेषांचा, म्हणजे बांधकामावर बंधनं आणणाऱ्या नकाशावरच्या रेषांचा, पुन्हा विचार करा. घरात छताकडे बघत पडलेली माणसं मंडपात येऊन बसू लागली, तावातावाने भांडू लागली. गाळाचे डंपर नदीतून वर येताना बघायला पुलावर गर्दी व्हायची. तो गाळ काढल्याने पूर कायमचा थांबेल असं मी म्हणत नाही. कोकणातला पाऊस आणि भरती आपल्या हातात नाही. पण नदीकडे नुसतं घाबरून बघणारी माणसं तिच्याबद्दल इंजिनिअरला प्रश्न विचारू लागली, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

माझ्याकडे अजून बोलण्यासारखं आहे, पण मघापासून पुढच्या रांगेत तिघे-चौघे पिशवीतून पॉलिसीचे कागद काढून बसलेत. या, पुढे या. पहिल्या पानावरचं नाव-गाव राहू दे, आधी मालाची रक्कम आणि गोदामाचा पत्ता कुठे लिहिलाय ते दाखवा.