ओ म्हणजे नक्की कोणाकडे काय?

नमस्कार मंडळी, आज एका छोट्याशा इंग्रजी शब्दाबद्दल बोलायचंय, तो शब्द म्हणजे ओ. स्पेलिंग ओ, डब्ल्यू, ई. आय ओ यू हंड्रेड रुपीज म्हणजे मी तुझे शंभर रुपये देणं लागतो, एवढं शाळेत कळतं आणि तिथेच आपण त्याला सोडून देतो. पण याची कुंडली काढायला बसलं की गंमत कळते, कारण मुळात याचा अर्थ चक्क उलटा होता. ओ म्हणजे असणं, मालकीचं असणं. माझ्याकडे जमीन आहे, गुरं आहेत असं सांगायला हजारेक वर्षांपूर्वीचा इंग्रज माणूस आगान असं क्रियापद वापरायचा, आणि आपला हा ओ त्याचाच वंशज. ओन, म्हणजे स्वतःचं, हा शब्दही त्याच घरातला. म्हणजे बघा, एक भाऊ मालक आणि दुसरा कर्जदार!

आणि हे घराणं आपल्याला अगदीच परकं नाही बरं का. भाषांचे अभ्यासक सांगतात की आगानचं मूळ आणि संस्कृतातल्या ईश् धातूचं मूळ एकच आहे, सत्ता असणं, धनी असणं. ईश, ईश्वर, गणेशमधला ईश, तोच. आता यावरून लगेच इंग्रजी संस्कृतातून निघाली असले फॉरवर्ड पाठवू नका प्लीज, दोघी एका खूप जुन्या भाषेच्या लेकी आहेत, एवढंच.

मग मालकाचा कर्जदार कसा झाला? इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळ लिंडिसफार्न नावाचं बेट आहे, तिथली साधारण इसवी सन ७०० च्या सुमाराची लॅटिन शुभवर्तमानांची, म्हणजे बायबलातल्या येशूच्या चरित्रांची, सुंदर हस्तलिखित पोथी आज लंडनला ब्रिटिश लायब्ररीत आहे. दहाव्या शतकात आल्ड्रेड नावाच्या एका धर्मगुरूने त्या लॅटिन ओळींच्या मध्ये बारीक अक्षरात प्रत्येक शब्दाचा इंग्रजी अर्थ लिहून ठेवला, आपण शाळेत पुस्तकात पेन्सिलीने लिहायचो ना तसा. त्यातल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायात एका लबाड कारभाऱ्याची गोष्ट येते, नोकरी जाणार हे कळल्यावर तो धन्याच्या ऋणकोंना एकेक करून बोलावतो आणि विचारतो, काय रे, माझ्या धन्याचं किती देणं लागतोस? तो म्हणतो शंभर मापं तेल, हा म्हणतो बस खाली आणि पटकन पन्नास लिही. तर हे किती देणं लागतोस इंग्रजीत लिहिताना आल्ड्रेडने जे शब्द वापरलेत त्यांचा अर्थ होतो, तुझ्याकडे फेडायला किती आहे. तिथे आगान अजून असणं याच अर्थाने उभं आहे, फक्त फेडायला हा शब्द जोडीला आलाय. पुढे लोकांच्या तोंडी ती जोडी झिजली, फेडायला गळून पडलं आणि नुसतं आगान उरलं, पण देण्याचा अर्थ मात्र त्यालाच चिकटून बसला. त्या फेडण्याच्या शब्दाचं काय झालं म्हणाल तर तो आज यील्ड म्हणून जगतोय, बाँडचं यील्ड, शेतीचं यील्ड, तेच.

बरं, लॅटिनमध्येही डिट्टो हाच प्रकार झालेला होता. देणं लागणं याला त्यांचा शब्द देबेरे, आणि तो बनलाय दे अधिक हाबेरे असा, म्हणजे दुसऱ्याचं काहीतरी आपल्याकडे असणं. त्याचीच पिलावळ म्हणजे डेट (कर्जवालं, तारीखवालं नव्हे), ड्यू, ड्यूटी आणि आपल्या मोबाईलवर रोज टुणकन येणारं ते डेबिटेड. जुने दिवाणजी ज्याला नावे म्हणायचे ते.

मालकीचा जुना अर्थ मात्र लगेच मेला नाही. शेक्सपिअरच्या अठराव्या सुनीतात, १६०९ मध्ये छापलेल्या, तुझं हे रूप कधी तुझ्या हातून जाणार नाही अशा अर्थाची ओळ आहे आणि तिथे तुझं असलेलं याला त्याने ओ हेच क्रियापद वापरलंय. आजच्या पोराला ती ओळ तू देणं लागतोस ते रूप अशी वाटते, म्हणून खाली टीप द्यावी लागते. मला विचाराल तर तो दुसरा अर्थही तिथे वाईट दिसत नाही, रूप काय, निसर्गाकडून उसनंच आणलेलं असतं.

आता ऑट. यू ऑट टू गो, म्हणजे तू जायला हवंस, यातलं. हे चक्क ओ चं भूतकाळी रूप आहे! १६११ च्या इंग्रजी बायबलात सावकाराच्या दोन कर्जदारांची गोष्ट आहे, तिथे एकजण पाचशे पेन्स ऑट असंच छापलंय, नंतरच्या आवृत्त्यांनी ते बदलून ओड केलं. म्हणजे पैशाच्या देण्याला नवा भूतकाळ मिळाला आणि जुना बिचारा कर्तव्याच्या कामाला लागला. आपल्याकडे तरी काय वेगळं आहे, देणं लागतो म्हणतो तेच लागतो जावं लागतं, करावं लागतंमध्ये येतं, आणि सत्काराच्या भाषणात आपण समाजाचं काहीतरी देणं लागतो हे वाक्य नसेल तर शाल परत घेतात की काय असं वाटतं. इंग्रजीतल्या शॅलचाही मूळ अर्थ देणं लागणं हाच, त्याचा जर्मन भाऊबंद शुल्ड, त्याचा अर्थ कर्ज आणि अपराध, दोन्ही एकाच शब्दात! कर्ज काढणाऱ्याकडे जर्मन भाषा जरा रागानेच बघते म्हणायचं.

शेवटी त्या डेटमधल्या मुक्या बी बद्दल सांगतो. हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा त्यात बी नव्हताच, लिहायचेही डेट आणि बोलायचेही डेट. मग पंधराव्या-सोळाव्या शतकात विद्वानांना लॅटिनचं वेड लागलं, त्यांनी मूळ देबितुम आठवून त्यातला बी उचलून मध्ये कोंबला. शेक्सपिअरच्याच एका विनोदी नाटकात होलोफर्निस नावाचा पंतोजी आहे, तो लोक बी उच्चारत नाहीत म्हणून भयंकर चिडतो. लोकांनी त्याचं ऐकलं नाही, बी तोंडात काही आला नाही, पण स्पेलिंगमधूनही गेला नाही, आणि डिक्टेशनला तो विसरला की मार्क मात्र आपल्या पोरांचे जातात.