सकाळ उजाडेपर्यंत

भगिनींनो, मुलींनो, आणि चुकून दुसऱ्याच सभेत आल्यासारखे मागच्या बाकांवर बसलेल्या बंधूंनो,

आजच्या व्याख्यानाचा विषय ‘आधुनिक संस्कृतीत ख्रिस्ती स्त्रीचे सुज्ञ वर्तन’ असा जाहीर झालेला आहे आणि त्यात मी मोबाइल, मैत्री, नोकरी व विवाह या चारही गोष्टींवर बोलावे, अशी अपेक्षा आहे. तिथपर्यंत मी येईनच. परंतु त्याआधी एका लाकडी पट्टीविषयी सांगितल्याखेरीज मला पुढे जाता येणार नाही.

मी पंधरा वर्षांची असताना दृढीकरणाच्या, म्हणजे बाप्तिस्म्याचा विश्वास स्वतः जाहीर करण्याच्या विधीच्या, तयारीच्या वर्गात एके दिवशी आम्हा मुलींना ओळीने उभे करण्यात आले आणि बाईंनी पट्टी घेऊन प्रत्येकीची बाही खांद्यापासून मोजली. माझी दोन बोटे कमी भरली. त्या वर्षी माझे हात भराभर वाढले होते आणि झगा मागच्या वर्षीचा होता, एवढेच त्याचे कारण होते. पण पट्टीला कारणे कळत नाहीत. समोर बसलेल्या मुलांपैकी एकाने त्याच सकाळी दुसऱ्याच्या नाकातून रक्त काढले होते, आणि तोच आमच्याकडे पाहून सर्वांत मोठ्याने हसत होता. त्याचे काहीच मोजले गेले नाही.

ज्या वचनाच्या आधारावर हे झाले, ते पौलाच्या पत्रातले १ तीमथ्य २:९ मी पुढे स्वतः उघडून वाचले. त्यात केस गुंफणे, सोने, मोती आणि मोलवान वस्त्रे यांचा उल्लेख आहे, म्हणजे पौलाच्या नजरेसमोर प्रामुख्याने श्रीमंतीचे प्रदर्शन आहे. बाहीचा शब्दही तिथे नाही. गंमत अशी की, त्याच्या अगदी आधीच्या, आठव्या वचनात पुरुषांना राग व वाद सोडून प्रार्थना करण्यास सांगितले आहे, आणि रागाची लांबी मोजणारी पट्टी मी तरी अजून कोणत्याही मंडळीत पाहिलेली नाही. बंधूंनी हसायला हरकत नाही.

मर्यादशील पोशाख नको, असे मी म्हणत नाही. माझी तक्रार वेगळीच आहे. सुज्ञता ही दुसऱ्या कोणीतरी बाहेरून मोजायची वस्तू आहे, हे त्या दिवशी आम्ही शिकलो. आजच्या मुलीला तर बाईंची गरजच उरलेली नाही. ती पट्टी तिच्याच हातातल्या मोबाइलमध्ये आहे, आणि फोटोखालचे लाइक्स मोजताना ती स्वतःलाच ओळीत उभी करते.

पवित्र शास्त्रात सुज्ञ स्त्री कशी दिसते, हे पाहायचे असेल तर १ शमुवेलाचा २५वा अध्याय वाचावा. अबीगईलची ओळख करून देताना शास्त्र तिची बुद्धी आधी सांगते आणि रूप नंतर. तिचा नवरा नाबाल पुढे राजा झालेल्या दावीदाच्या माणसांचा अपमान करतो आणि दावीद ४०० माणसांच्या कमरेला तलवारी बांधून निघतो. ही बातमी अबीगईलला एक चाकर देतो, आणि धन्याशी बोलण्यात अर्थ नाही हेही तोच सांगतो. ती त्याचे ऐकते. २०० भाकरी, द्राक्षारसाचे २ बुधले, तयार केलेली ५ मेंढरे, ५ मापे भाजलेले धान्य, मनुकांचे १०० घड आणि अंजिरांच्या २०० ढेपा गाढवांवर लादून ती निघते, आणि नवऱ्याला कळवत नाही. आज्ञाधारकपणावरच्या संदेशात हे वाक्य मी आजवर एकदाही ऐकलेले नाही.

दावीद तिच्या ज्या विवेकाची प्रशंसा करतो, त्यासाठीच्या हिब्रू शब्दाचा एक अर्थ ‘चव’ असाही आहे. जिभेवर ठेवताच कळावे, तसे तिला प्रसंगाचे स्वरूप कळले.

आता माझा आवडता भाग. तू आली नसतीस, तर सकाळ उजाडेपर्यंत नाबालाच्या घरचा एकही पुरुष उरला नसता, असे दावीद तिला म्हणतो. ती घरी परतते तेव्हा नाबाल मेजवानीत झिंगलेला असतो, आणि सकाळ उजाडेपर्यंत ती त्याला काहीही सांगत नाही. मूळ हिब्रूत दोन्ही ठिकाणी तेच शब्द आहेत. संतापलेल्या माणसाला जे सकाळच्या आत उरकायचे होते ते तिने थांबवले, आणि स्वतःला जे बोलायचे होते ते तिने सकाळपर्यंत राखून ठेवले.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटे उरली आहेत. तेव्हा चारही मुद्दे घाईने सांगते.

मोबाइलविषयी: रात्री अकरा वाजता लिहिलेले रागाचे उत्तर लिहून ठेवावे, पाठवू नये; सकाळी वाचल्यावर त्यातली निम्मी वाक्ये आपली वाटत नाहीत. कोणी खासगी छायाचित्र मागत असेल आणि ‘आत्ताच पाठव’ असा आग्रह धरत असेल, तर त्या ‘आत्ताच’मध्येच नकाराचे पुरेसे कारण आहे. मैत्रीविषयी: अबीगईलने चाकराचे ऐकले, म्हणून नावडते सत्य सांगणारी एक तरी मैत्रीण राखावी. नोकरीविषयी: फिलिप्पैतील लुदिया जांभळी वस्त्रे विकत होती आणि पौलाला तिच्याच घरी आसरा मिळाला, तेव्हा मिळवत्या स्त्रीच्या विश्वासाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही.

विवाहाविषयी एकच, पण ते मात्र हळू सांगते. अबीगईलचे मौन एका रात्रीचे होते आणि तेही घर वाचवून झाल्यानंतरचे होते. ज्या घरात मार खावा लागतो, तिथे ‘सहन कर आणि प्रार्थना कर’ असे सांगताना कोणी तिचे नाव घेऊ नये. अशा घरातल्या भगिनीने उजाडण्याचीही वाट पाहू नये, ताबडतोब बाहेर पडून विश्वासाच्या माणसाला आणि पोलिसांना सांगावे.

मुलींच्या पैशांचा आणि शिक्षणाचा मुद्दा माझ्या कागदावरच राहिला. अध्यक्ष उभे राहिले आहेत. आपणही प्रार्थनेसाठी उभे राहू या.