वर्गातली पंगत

जेवणाची वेळ झालीय, पण एकही पोरगं बाहेर पळालं नाही बघा. बाकं एकमेकांना जोडली जातायत, आणि हे पांढरा एप्रन, टोपी, मास्क घालून हात धुवायला रांगेत उभे आहेत ना, ते आजचे वाढपी. जपानमधल्या प्राथमिक शाळेतलं हे रोजचं चित्र. शाळेतल्या या जेवणाला तिथे क्युशोकू म्हणतात.

किचनमधली गडबड मात्र सकाळपासूनची. भाज्या धुवायच्या, चिरायच्या, आणि या एवढ्या मोठ्या कढईत सूप ढवळायला तर फावड्याएवढा डाव लागतो. सगळं तयार झालं की पहिला घास मुख्याध्यापकांचा, तोही पोरं जेवायच्या निदान अर्धा तास आधी, काही गडबड असेल तर ती त्यांच्याच ताटात कळावी म्हणून.

आता ट्रे बघा. भात, मासा, भाजी, सूप, दूध. 8-9 वर्षांच्या मुलाला साधारण 650 कॅलरी आणि मीठ 2 ग्रॅमच्या आत, असा हिशोब आधीच बसवलेला असतो. अॅलर्जीवाल्यांचं वेगळं बघतात, बाकी सगळ्यांना एकच मेन्यू, आणि बाईंच्या ताटातही तेच. आणि हेच मला फार महत्त्वाचं वाटतं, की ही मधली सुट्टी नाहीच, हा शिकवण्याचा तास आहे.

याची सुरुवात 1889 ची, यामागाता प्रांतातल्या त्सुरुओका गावची. गरीब घरच्या पोरांना शाळेत भाताचे गोळे, भाजलेला मासा आणि लोणचं मिळायचं, बस एवढंच. महायुद्धानंतरच्या उपासमारीत दूध पावडरीवर पोरं जगवली, मग 1954 मध्ये शाळेच्या जेवणाचा कायदाच झाला, आणि 2005 पासून तर शाळांमध्ये आहार शिकवणारे खास शिक्षक नेमायला सुरुवात झाली.

मुलांमधला लठ्ठपणा जपानमध्ये श्रीमंत देशांच्या मानाने खूप कमी आहे. 2019 च्या एका अभ्यासात, जिथे माध्यमिक शाळांत क्युशोकू मिळणाऱ्या मुलांचं प्रमाण वाढलं तिथे मुलग्यांमधलं जास्त वजनाचं प्रमाण थोडं उतरलेलं दिसलं, मुलींमध्ये तसा ठळक फरक दिसला नाही.

आणि हे बघा, जेवण झाल्यावर दुधाचे खोके विसळून, फाडून, सपाट करून वाळत टाकतायत, कोणी सांगावं लागत नाही. ती दोन टोकांना धरलेली पातेली परत किचनकडे निघालीत, रिकामी.