पैशाचा हिशेब आणि माणसाचा हिशेब

श्रोतेहो, नमस्कार.

कोल्हापुरात मोर्चा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सुरुवात कुठनं? बिंदू चौकातनं का दसरा चौकातनं?" या गावानं मोर्चे भरपूर पाहिलेत आणि भरपूर काढलेत. बिंदू चौकात तर 1950 सालापासून महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे उभे आहेत आणि तिथूनच, हाकेच्या अंतरावर, जुन्या तटाच्या आत सबजेल आहे. सरकारला जाब विचारण्याची जागा आणि सरकार माणसाला आत ठेवतं ती जागा अशा शेजारी-शेजारी. आज मी या दोन्हींबद्दल एकत्र बोलणार आहे, कारण ते दोन वेगळे विषय आहेत असं मी मानत नाही.

आपल्या पेठेतल्या एखाद्या तालमीची बैठक डोळ्यासमोर आणा. गणपती झालेत, वर्गणीचा हिशेब वाचला जातोय. मागं बसलेला एक पोरगा उठतो आणि विचारतो, "मांडवाचे एवढे कसे झाले? पावती दाखवा." अध्यक्ष पावती दाखवतो किंवा चूक कबूल करतो, तोपर्यंत तालीम सगळ्यांची असते. पण अध्यक्षानं त्या पोराला चार जणांकडून उचलून बाहेर काढलं आणि दाराला कडी घातली, तर आतल्या सगळ्यांना दोन गोष्टी एकदम कळतात. पैशात काहीतरी गडबड आहे, आणि आता विचारायची सोय राहिलेली नाही.

देशाच्या पातळीवर हेच आपण एकदा पुरेपूर भोगलं आहे. त्याला 50 वर्षं उलटून गेली. आज तिशी-चाळिशीत असलेल्यांना आणीबाणी म्हणजे पुस्तकातला एक धडा वाटतो, म्हणून ती कुठून सुरू झाली ते थोडं सविस्तर सांगतो. सुरुवात झाली जेवणाच्या ताटापासून.

20 डिसेंबर 1973. अहमदाबादच्या एल. डी. इंजिनिअरिंग कॉलेजच्या वसतिगृहात मेसचं बिल एकदम वाढलं, आणि मुलं चिडून रस्त्यावर आली. शेंगदाणा तेल महागलं होतं, धान्य महागलं होतं. तेलाचे बडे व्यापारी आणि सरकार यांचं साटंलोटं आहे, हा आरोप गुजरातभर घरोघरी बोलला जात होता. मेसचं बिल बाजूला पडलं आणि मुलं मुख्यमंत्री चिमणभाई पटेलांचा राजीनामा मागू लागली. प्राध्यापक आले, गिरणी कामगार आले, थाळ्या वाजवत बायका आल्या. हेच नवनिर्माण आंदोलन. लाठ्या चालल्या, गोळ्या चालल्या, माणसं मेली. 9 फेब्रुवारी 1974 ला चिमणभाईंनी राजीनामा दिला, आणि मार्चमध्ये मोरारजी देसाईंच्या उपोषणानंतर विधानसभाही बरखास्त झाली.

इथं एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, जी त्या विजयाच्या आठवणीत बऱ्याचदा गाळली जाते. हेच चिमणभाई 1990 मध्ये पुन्हा गुजरातचे मुख्यमंत्री झाले, आणि तेही एके काळच्या विरोधकांना सोबत घेऊन. खुर्चीवरचा माणूस हटवणं जमलं होतं. पैसा कुठून आला आणि कुठं गेला याचा हिशेब मात्र लोकांच्या हाती लागलाच नाही. आंदोलन करणाऱ्यांनी हे मनात धरून ठेवावं असं मला फार वाटतं.

गुजरातचं पाहून बिहारची मुलं उठली. त्यांनी जयप्रकाश नारायणांना गळ घातली. जेपी सत्तरी ओलांडलेले, सत्तेपासून आयुष्यभर दूर राहिलेले. 8 एप्रिल 1974 ला पाटण्यात त्यांनी मूक मोर्चा काढला, लोक तोंडाला पट्ट्या बांधून चालत होते. 5 जूनला गांधी मैदानावर त्यांनी संपूर्ण क्रांतीची हाक दिली. नोव्हेंबरमध्ये त्याच पाटण्यात या म्हाताऱ्या माणसापर्यंत लाठ्या पोचल्या.

मग 12 जून 1975. अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी निवडणुकीत हरलेले उमेदवार राजनारायण यांच्या याचिकेवर पंतप्रधान इंदिरा गांधींची निवड रद्द ठरवली. निवडणुकीसाठी सरकारी यंत्रणा वापरली, हा त्यातला मुद्दा होता. व्यासपीठ, वीज, सरकारी नोकर. काही जण म्हणाले, एवढ्याशा गोष्टीसाठी पंतप्रधान घालवायचा? माझं मत असं, की सरकारी पैशानं उभारलेलं व्यासपीठ लहान असलं तरी ते जनतेचंच असतं, आणि ते तसं आहे हे एका न्यायाधीशानं पंतप्रधानांसमोर न डगमगता सांगितलं.

25 जूनच्या रात्री आणीबाणीच्या आदेशावर राष्ट्रपतींची सही झाली. दिल्लीत वृत्तपत्रांच्या छापखान्यांची वीज तोडली गेली. पहाटेपर्यंत जेपी, मोरारजी आणि कितीतरी नेते अटकेत होते. आणि सकाळी देशाला ही बातमी कळली ती रेडिओवरून. श्रोतेहो, ज्या माध्यमातून मी आज तुमच्याशी बोलतो आहे त्यावरूनच पंतप्रधानांनी सांगितलं, की आणीबाणी जाहीर झाली आहे, घाबरण्याचं कारण नाही. पुढचे 21 महिने लोक खऱ्या बातमीसाठी बीबीसी लावत बसायचे. या माध्यमापुढं बसताना मला हे विसरता येत नाही.

पकडलेल्यांचा आकडा ऐका. आणीबाणीची चौकशी करायला नंतर नेमलेल्या शहा आयोगाच्या नोंदीप्रमाणं मिसा, म्हणजे खटल्याशिवाय डांबून ठेवायच्या कायद्याखाली सुमारे 35 हजार आणि डीआयआर, म्हणजे भारत संरक्षण नियमांखाली सुमारे 75 हजार. दोन्ही मिळून 1 लाख 10 हजारांवर माणसं. समाजवादी, जनसंघ आणि संघाचे, मार्क्सवादी, सर्वोदयी, काँग्रेसमधलेसुद्धा काही. येरवड्यात संघाचे सरसंघचालक बाळासाहेब देवरस होते, आणि त्याच येरवड्यात महिलांच्या बाजूला मार्क्सवादी अहिल्या रांगणेकर आणि समाजवादी प्रमिला दंडवते होत्या. बाहेर ज्यांचं एकमेकांशी कधी पटलं नसतं अशी ही माणसं.

आता खरा काटा कुठं आहे तो पाहा. आणीबाणी लागून चार दिवस होत नाहीत तोच, 29 जूनला, मिसा कायद्यात एक दुरुस्ती आली. स्थानबद्ध केलेल्या माणसाला त्याच्या अटकेची कारणं सांगायची गरज नाही. बायको पोलीस ठाण्यात जाऊन विचारते, "साहेब, यांना का नेलं?" आणि उत्तर न देणं हेच कायदेशीर. लोक पैशाचा हिशेब मागत होते, तो मिळाला नाहीच. आता माणसाचा हिशेबही बंद झाला.

तरी विचारणारे विचारत राहिले. समाजवादी नेत्या मृणाल गोरे कित्येक महिने भूमिगत राहून काम करत होत्या, डिसेंबर 1975 मध्ये त्या सापडल्या. आणि त्याच डिसेंबरात आपल्यापासून दीड-दोन तासांच्या वाटेवर, कराडला, मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष दुर्गा भागवत. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, म्हणजे ज्या सरकारनं ही आणीबाणी लादली त्यातले ज्येष्ठ मंत्री, आणि गाव त्यांचं स्वतःचं. जेपी तेव्हा मुंबईच्या जसलोक रुग्णालयात होते, कैदेत असताना त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली होती. दुर्गाबाईंनी भर मांडवात जेपींच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लोकांना उभं केलं. एका आजारी माणसाला बरं वाटावं एवढीच ती प्रार्थना होती, आणि तरीही मांडवातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की उभं राहण्याचा अर्थ काय. पुढं 1976 मध्ये दुर्गाबाईंनाही अटक झाली. लोकसंस्कृतीचा अभ्यास करणारी, ग्रंथालयात रमणारी ही बाई राज्याला धोकादायक ठरली.

न्यायालयांचं काय झालं, हेही सांगतो. आमच्या माणसाला कोर्टापुढं आणा, अटक कायदेशीर आहे का ते तरी तपासा, असे अर्ज ठिकठिकाणी झाले. मुंबईसह नऊ उच्च न्यायालयांनी सरकारचं म्हणणं मानलं नाही. अर्ज ऐकून घेता येतो, असं सांगितलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. पाच न्यायाधीश. न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांनी सरकारी वकिलांना थेट विचारलं, की एखाद्या पोलिसानं वैयक्तिक वैरातून कुणाचा जीव घेतला, तर दाद मागता येईल का? उत्तर आलं, आणीबाणी आहे तोवर नाही. 28 एप्रिल 1976 ला निकाल लागला, सरकारच्या बाजूनं, चार विरुद्ध एक. ते एक म्हणजे खन्ना. त्याची किंमत त्यांनी मोजली. जानेवारी 1977 मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून दुसऱ्यांना सरन्यायाधीश केलं गेलं आणि त्यांनी राजीनामा दिला. बहुमतात असलेल्या चौघांपैकी एक आपले, पुण्याचे न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड. त्यांच्याच मुलानं, न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी, 2017 च्या गोपनीयतेच्या खटल्यात वडिलांचा तो निकाल गंभीरपणे सदोष असल्याचं लिहिलं. 41 वर्षं लागली.

मार्च 1977 मध्ये मतदान झालं. कोल्हापुरानं शेतकरी कामगार पक्षाचे दाजीबा देसाई यांना लोकसभेत पाठवलं. नव्या सरकारनं 44 वी घटनादुरुस्ती केली, त्यामुळं आता आणीबाणी आली तरी कलम 21, म्हणजे जीविताचा आणि स्वातंत्र्याचा हक्क, स्थगित करता येत नाही.

इथपर्यंत ऐकल्यावर तुमच्यातला कुणीतरी नक्की म्हणेल, ते जुनं झालं. आता जे नेते आत जातात ते भ्रष्टाचारासाठी जातात, मग त्यात वाईट काय? प्रश्न रास्त आहे. चोरी केली असेल तर नेत्याला शिक्षा व्हावीच, आणि ती आजच्यापेक्षा लवकर व्हावी, असं मीही म्हणतो. पण सत्तेवरच्या लोकांना आता हेही कळलं आहे, की विरोधकाला आत टाकायचं तर भ्रष्टाचाराचाच आरोप सगळ्यांत सोयीचा. लोक मग रडत नाहीत.

रशियाचं पाहा. अलेक्सी नवाल्नी सरकारमधला भ्रष्टाचार शोधून काढायचा, कागदपत्रं लोकांपुढं ठेवायचा. 2017 साली त्यानं पंतप्रधान मेदवेदेव यांच्या मालमत्तांवर चित्रफीत काढली, आणि 26 मार्चला रशियाच्या कितीतरी शहरांत लोक रस्त्यावर आले. एकट्या मॉस्कोत त्या दिवशी हजारावर माणसं पकडली. आणि नवाल्नीवर आधीपासून खटला कसला? लाकडाच्या व्यवहारात अपहार केल्याचा. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानं तो खटला न्याय्य नव्हता असं ठरवलं, तरी फेरसुनावणीत त्याला पुन्हा दोषीच ठरवलं. फेब्रुवारी 2024 मध्ये उत्तर ध्रुवीय प्रदेशातल्या तुरुंगात तो मेला. भ्रष्टाचार उघड करणाऱ्याला अपहाराचा गुन्हेगार ठरवून संपवलं.

आपल्याकडं 2022 या एकाच वर्षात काय झालं ते आठवा. एप्रिलमध्ये महाविकास आघाडीचं सरकार असताना खासदार नवनीत राणा आणि आमदार रवी राणा यांना हनुमान चालिसा म्हणण्याच्या घोषणेवरून अटक झाली आणि राजद्रोहाचं कलम लागलं. जामीन देताना न्यायालयानं म्हटलं, सकृतदर्शनी राजद्रोह होत नाही. ऑगस्टमध्ये, राज्यातलं सरकार बदलल्यावर, केंद्राच्या ईडीनं संजय राऊत यांना अटक केली. नोव्हेंबरमध्ये जामीन देताना विशेष न्यायालयानं ती अटकच बेकायदेशीर म्हटली. दोन्ही वेळी टाळ्या वाजवणारे वेगळे आणि चिडणारे वेगळे होते. मला चीड याची येते, की दोन्ही वेळी चिडलेली माणसं फार थोडी होती.

कोल्हापूरला हे जमतं, हे मी पाहिलंय. टोलच्या आंदोलनात पाहिलंय. शहरातल्या रस्त्यांचं काम, त्याच्या बदल्यात 30 वर्षं टोल, शहराभोवती नऊ नाके. कृती समितीत कोण नव्हतं? लाल झेंडा, भगवा झेंडा, तालमी, रिक्षावाले, व्यापारी. पुढं ऐंशी ओलांडलेले एन. डी. पाटील सर आणि त्यांच्याबरोबर कॉम्रेड गोविंद पानसरे, आपले अण्णा. मागणी काय होती? रस्ता किती झाला, खर्च किती आला, मूल्यांकन करा, कागद दाखवा. जानेवारी 2014 मध्ये नाके जाळले गेले, ते मला तेव्हाही पटलं नाही; त्यानं गुन्हे दाखल करायला आयतं निमित्त मिळालं आणि कागदाचा प्रश्न काही दिवस मागं पडला. तरी लोक हटले नाहीत. डिसेंबर 2015 मध्ये टोल रद्द झाल्याची घोषणा झाली. ती पाहायला अण्णा नव्हते. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. त्या हत्येचा हिशेबही या शहराला अजून पुरता मिळालेला नाही.

टोलसाठी जे जमलं ते अटकेसाठी का जमू नये? टोल प्रत्येकाच्या खिशातून जातो, अटक एकाच घरातून माणूस नेते, हे खरं आहे. म्हणून जाता जाता एक कामाची गोष्ट सांगून थांबतो. घटनेच्या कलम 22 प्रमाणं अटक केलेल्या माणसाला अटकेचं कारण सांगावं लागतं, त्याला वकील भेटू द्यावा लागतो, आणि प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करावं लागतं. 2023 आणि 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ईडीच्या आणि यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याच्या प्रकरणांत आणखी स्पष्ट केलं, की अटकेची कारणं लेखी द्यायला हवीत, आणि ती न दिल्यामुळं झालेल्या अटका रद्दही केल्या. उद्या तुमच्या गल्लीतल्या एखाद्या कार्यकर्त्याला आंदोलनावरून उचललं, मग तो तुमच्या पक्षाचा असो की ज्याचा झेंडा तुम्हाला बघवत नाही त्या पक्षाचा, तर त्याच्या घरच्यांबरोबर चार-पाच जण ठाण्यावर जा. आवाज चढवू नका. कारण लेखी मागा, तारीख आणि वेळ लिहून घ्या, आणि दुसऱ्या दिवशी कसबा बावड्याला न्यायसंकुलात त्याला हजर करतील तेव्हा तिथं उभे राहा.

नमस्कार.