विहिरीतला नव्हे, विहिरीवरचा

हा दगड आमच्या डिचोलीच्या घरात माझ्या जन्माच्या आधीपासून आहे. तळहातात बसतो, वेटोळं घातलेला, वेटोळ्यावर आडवे कंगोरे. आईच्या किचनमधल्या काट्यावर ६४० ग्रॅम भरला. हा अमोनाइटचा फॉसिल, म्हणजे दगड होऊन राहिलेला जुना जीव. अमोनाइट म्हणजे आपण बाजारातून माणक्यो (स्क्विड) आणतो ना त्यांचा लांबचा भाऊबंद, शंखात राहायचा, समुद्रात फिरायचा, आणि ६.६ कोटी वर्षांपूर्वी डायनोसॉर गेले त्याच सुमाराला ह्याचंही कूळ संपलं. घरात सगळे एकच सांगायचे, विहीर खणताना मिळाला.

पण आमची विहीर जांभ्यातली. गोव्याचा बराचसा खडक २५० कोटी वर्षांपेक्षा जुना, तेव्हा शंख असलेला जीव पृथ्वीवर कुठेच नव्हता, आणि सत्तरीकडचा बेसाल्ट बघावा तर तो लाव्हाचा, त्यात समुद्रातला प्राणी येणार कसा? जांभा म्हणजे ह्याच खडकांचं पावसापाण्यात कुजून उरलेलं. मग हा आमच्या विहिरीत आला कुठून?

मला हे इतकं का लागलं ते सांगतो. कुठल्या जागी, कुठल्या थरात मिळाला ते कळलं तरच फॉसिल काही बोलतो, आणि जागा चुकीची लिहिली तर तो चक्क दिशाभूल करतो. १९८९ साली ऑस्ट्रेलियाच्या जॉन टॅलेंट यांनी 'नेचर' ह्या विज्ञानाच्या नियतकालिकात दाखवून दिलं की चंदीगडच्या एका प्राध्यापकांनी हिमालयातले म्हणून वर्षानुवर्षं छापलेले कितीतरी फॉसिल हिमालयातले वाटतच नाहीत, काही तर मोरोक्कोत विकायला असतात तसे आहेत, आणि ते पेपर खरे मानून ज्यांनी पुढचं काम केलं त्यांची केवढी पंचाईत झाली असेल! आमच्या घरात कोणी मुद्दाम खोटं बोललं नव्हतं, पण मी 'डिचोली' असं लेबल लावून टाकलं असतं तर खोटंच झालं असतं ना.

दगडाच्या एका बाजूला पांढरं काहीतरी थापलेलं होतं. आई ब्रश घेऊन आलीच होती, म्हटलं थांब, काही घासायचं नाही, धुवायचं नाही, तेल तर अजिबात लावायचं नाही. आधी बाजूला पट्टी ठेवून सगळ्या बाजूंनी फोटो काढले. मग भिंग लावलं तर कंगोऱ्यांच्या फटीत जो मूळ दगड चिकटून राहिलाय त्यात खसखशीएवढे गोल गोल दाणे, गंजाच्या रंगाचे, एकाला एक लागून. शाळिग्रामसुद्धा अमोनाइटच, पण तो गंडकीतला, काळा कुळकुळीत, हा तसला नव्हे. असा गंजकट दाणेदार खडक कच्छात भुजच्या आसपास आहे, धोसा ऊलाइट म्हणतात, साधारण १६ कोटी वर्षांपूर्वीचा, आणि अमोनाइटसाठी नावाजलेला.

म्हापशाला आत्येला फोन केला, कच्छचं नाव काढलं आणि ती लगेच म्हणाली, "अरे तो विहिरीतला कुठला, धाकटा काका कांडल्याला बंदरावर होता ना, त्याने आणलेला! विहिरीवरचा पत्रा वाऱ्याने उडायचा म्हणून तुझ्या आजीने तो त्याच्यावर ठेवलेला." आणि ते पांढरं? दर वर्षी गणेश चवथीला विहिरीच्या कठड्याला चुना काढायचे, हात फिरवताना दगडालाही लागायचा. आईने घासला असता तर आत्येच्या बोलण्याला आधार देणारी एवढी एक खूणही गेली असती.

आता वहीत लिहिलंय ते असं. नंबर १. अमोनाइट. कच्छहून आणला, सांगणारी आत्ये, फोनवर, आणि खाली त्या दिवसाची तारीख. धोसा ऊलाइट हा माझा अंदाज, दाण्यांवरून, म्हणून तो वेगळ्या ओळीत, पेन्सिलने. 'विहिरीत मिळाला' हेही खोडलं नाही, 'घरातली जुनी समजूत' म्हणून ठेवलंय. गाव, टेकडी, थर, ह्या तिन्ही जागा रिकाम्या आहेत. काका आता नाहीत, आणि त्यांनी एक चिठ्ठी जरी दगडाबरोबर ठेवली असती तर ह्या जागा भरल्या असत्या, ह्याचं मला खरंच वाईट वाटतं.

आत्ये म्हणते काकांची पत्रं एका ट्रंकेत आहेत, म्हापशाच्या घरी माळ्यावर. रविवारी जातोय.